चालत नाही

शनिवारी रात्री आठला रेडिओवरचा माणूस म्हणायचा,
कॅसेट घाला, तयार राहा, आता पाठवतो.
आणि मग साडेतीन मिनिटं
सगळ्या मारिबोरभर
पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज.
शेजारच्या कोरोशेत्सबाई भिंतीवर झाडू आपटायच्या.
विन्को मात्र उतू जाणाऱ्या दुधापाशी बसावं तसा,
रेडिओच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर, ओठांवर बोट.
मला शिंकायचीही बंदी.

त्या किंचाळण्यात एक खेळ असायचा:
खाणीतला माणूस, दोन शिड्या, बारा कंदील.
इंग्लंडात तो दुकानात मिळे, पैसे मोजून.
आमच्याकडे हवेतून यायचा.
हवेतून घरात आलेलं
चोरीचं कसं असेल?
तेव्हा आमच्याकडे असल्या चोरीला कायदा नव्हता,
आणि कायदा आला तोवर
तो देशच उरला नव्हता.

आता मी कायदा आहे.
म्हणजे ल्युब्लियानात चौथ्या मजल्यावर बसून
जुन्या खेळांच्या मालकांतर्फे पत्रं लिहिते:
अमुक फाइली तमुक दिवसांत काढून टाका, अन्यथा.
मालक कोण, ते विचारू नका.
खाणीचा खेळ ज्या पोरानं लिहिला
तो कंटाळून मेंढ्या पाळायला निघून गेला.
त्याची कंपनी दुसरीनं गिळली, दुसरीला तिसरीनं,
तिसरी लक्झेंबर्गमध्ये पार्किंगच्या जागा भाड्यानं देते.
तिनं तो खेळ पाहिलेला नाही.
ती तो विकत नाही
आणि फुकटही नेऊ देत नाही.

तरी तिची बाजू मी मांडते, आणि मनापासून.
जुनं झालं म्हणून बेवारस होत नाही.
कुलूप गंजलं तरी दार दुसऱ्याचंच.
शेजाऱ्याची सायकल दहा वर्षं जिन्याखाली पडून आहे
म्हणून मी ती न्यायची का?
इथे विन्को म्हणाला असता,
आणि मी नेल्यावरही ती जिन्याखालीच असेल तर?

मार्चच्या यादीत दोनशे बारा फाइली.
एकशे सत्तेचाळीसावीपुढे कुणीतरी लिहिलेलं:
रेडिओवरून उतरवलेली, मारिबोर, १९८६.
चालत नाही.
दोन मिनिटांनंतर बाईचा आवाज.

आमचा नियम असा, की फाइल उघडायची नाही,
फक्त नोंदवायची.
पावणेचारला, ऑफिसच्याच संगणकावर,
मी ती उतरवून घेतली.
खिळा, पत्रा, खिळा, पत्रा,
आणि मधेच, ओल्या हातांनी दार ढकलून, आई:
विन्को, सूप निवतंय.
आणि ती मिलोय्का कुठे आहे?

कुठे होते मी?
बहुधा टेबलाखाली, शिंक दाबून.

पुन्हा ऐकलं. मग कलमं चाळली.
किंचाळणं लक्झेंबर्गचं, त्यात शंका नाही,
लिहिणारा मेल्यावर आणखी सत्तर वर्षं ते कुणाचं ना कुणाचं राहील.
निवणाऱ्या सुपाचं कुठे काही सापडलं नाही.

विन्को ग्राट्सला हीटपंप बसवतो.
फोन उचलला तेव्हा तो कुणाच्यातरी तळघरात होता.
तू टाकलीस ती?
हो.
ती कधी चालली तरी होती का?
एकदाही नाही. तिसऱ्या शिडीशी माणूस गोठायचा.
मग चाळीस वर्षं ठेवलीस कशाला?
पुसायला घेतली की जेवायची हाक यायची, म्हणाला,
आणि पाना मागायला कुणाला तरी ओरडला.

पत्र गेलं. दोनशे बाराच्या दोनशे बारा.
एकही ओळ गाळली नाही.
गाळली असती तर बरं वाटलं असतं का, माहीत नाही.
ते पान आता उघडत नाही.

माझ्या खणात, स्टेपलरच्या मागे,
करंगळीएवढा पेनड्राइव्ह आहे.
कुणी विचारलंच तर सांगेन, यात खेळ नाही,
खेळ चालत नाही, तसं लिहूनच ठेवलंय.
आणि मी जे केलं?
तेही चालत नाही.
मला कुणी सांगायला नको,
ती पत्रं मीच लिहिते.